टोपल्यांच्या पलीकडची आठ माणसं

पोलीस पाटील हा पोलीस नसतो आणि पाटीलही नसतो. मी तर बाई, त्यातून मांगेल्याच्या, म्हणजे मासेमाऱ्यांच्या घरातली. माहेरी-सासरी कुणी कधी पाटीलकी पाहिलेली नाही. पण लेखी परीक्षा दिली, प्रांतसाहेबांपुढे तोंडी परीक्षा झाली आणि एक दिवस ओळखपत्र हातात पडलं. गणवेश नाही, काठी नाही, साधी शिट्टीसुद्धा नाही. आमच्या ह्यांनी ते ओळखपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्यावर चोर पकडायचा?" मी म्हटलं, "दाखवायचं त्याला. फोटो बघून पळून जाईल."

एकोणीस वर्षं ते ओळखपत्र पदराआड बाळगलं. मागच्या वर्षी साठ पूर्ण झाली आणि ते परत केलं. शहरातल्या लोकांना हे काम काय असतं ते माहीत नसतं, म्हणून सांगते. गावात कोण मेलं, कसं मेलं, कुणाकडे नवा माणूस राहायला आला, किनाऱ्याला काय लागलं, हे सगळं ठाण्याला कळवायचं. पंचनाम्याला उभं राहायचं. वादळाचा इशारा आला की कोणाची होडी आली, कोणाची बाकी आहे ते बघत किनाऱ्यावर फिरायचं. हे झालं कागदावरचं. कागदावर नसलेलं मुख्य काम म्हणजे मिटवणं. नवरा-बायकोचं मिटवा, बांधाचं मिटवा, कोंबडीचं मिटवा. ठाण्यापर्यंत जितकी कमी भांडणं पोचतील तितका पोलीस पाटील हुशार, अशी आमच्यात समजूत. मी स्वतःला फार हुशार समजत असे.

आमचं गाव समुद्र आणि कारखाने यांच्या मधोमध. पश्चिमेचा वारा सुटला की सुक्या मासळीचा वास, पूर्वेचा सुटला की केमिकलचा. वासावरून दिशा सांगता येते. पूर्वी कारखान्यांच्या बाजूला भातशेती होती, आता चाळी आहेत. चाळीत जळगावचे, बीडचे, बिहारचे, ओरिसाचे, सगळीकडचे लोक. त्या सगळ्यांची भाडेकरू म्हणून नोंद करायची, तेही माझंच काम.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. दामूतात्या म्हणून एक म्हातारे होते. उधाणाच्या भरतीत त्यांची कुंपणाची भिंत वाहून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर हजर. तक्रार लिहून घे म्हणाले. कुणाविरुद्ध? तर समुद्राविरुद्ध. समजावून थकले तेव्हा वही काढली आणि लिहिलं, "आरोपी: अरबी समुद्र. राहणार: गावाच्या पश्चिमेस." तात्यांनी चष्मा लावून वाचलं, खाली सही केली आणि चहा घेऊन समाधानाने घरी गेले. पुन्हा कधी त्यांनी चौकशी केली नाही.

दुसरी हिरूबाय. तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले आहे, म्हणून तिचं जरा नीट सांगते.

हिरूबाय माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी. नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही, मुलगी डहाणूकडे दिलेली. मोठ्या घरात ही एकटी. बोंबील वाळवायचे आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकायचे, हा तिचा जन्माचा धंदा. आता आमच्याकडे अणुकेंद्राच्या आसपासच्या गावांत अधूनमधून आणीबाणीची रंगीत तालीम होते. भोंगा वाजतो. मग पोलीस पाटलाने गल्लीबोळातून ओरडत फिरायचं की घरात चला, दारं-खिडक्या लावून घ्या, पिण्याचं पाणी झाका. त्यानंतर फॉर्म भरायचा. घरात माणसं किती, त्यातली आत किती, बाहेर किती. अख्खं गाव आत जायचं. हिरूबाय तेवढी अंगणात, बांबूच्या मांडवाखाली बसून.

"हिरूबाय, भोंगा वाजला. आत चल."

"वाजू दे. बोंबील अर्धे सुकलेत. मी आत गेल्यावर त्यांना कोन आत नेनार? तुजा सायेब?"

"अगं, पण खरंच काही झालं तर?"

"खरंच झाला तर पयले बोंबील, मंग मी."

दर वेळी माझ्या फॉर्मवर तेच. घरातली माणसं एक, आत शून्य, बाहेर एक. एकदा तालमीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही एकच बाई नेहमी बाहेर कशी? मी म्हटलं, साहेब, तुम्ही सांगून बघा. ते तरातरा गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात अर्धा किलो बोंबलांची पिशवी होती आणि हिरूबाय अंगणातच होती.

तर अशा गावात काही वर्षांपूर्वी आसामची आठ माणसं राहायला आली. सहा पुरुष, दोन बाया. चाळीत तीन खोल्या घेतल्या. कापड रंगवायच्या कारखान्यात पुरुष, पॅकिंगला बाया. बारीक डोळे, बसकं नाक. गावाने पहिल्या दिवशी त्यांना नेपाळी ठरवलं, दुसऱ्या दिवशी चायनीज. भारताचा नकाशा शाळेत सगळ्यांनी काढलेला, पण त्या उजवीकडच्या कोपऱ्यात कुणाचं बोट कधी गेलं नव्हतं. माझंही नव्हतं. नोंद करायला गेले तर त्यांच्यातली मीनोती नावाची मुलगी, असेल चोवीस-पंचवीसची, मी काही विचारायच्या आधीच आधारकार्ड पुढे करून म्हणाली, "दीदी, हम लोग इंडिया का है।" एवढ्या पटकन म्हणाली की हे वाक्य तिला किती जागी बोलावं लागलं असेल ते मला कळलं, आणि लाज वाटली.

मीनोतीला गावात पहिल्यांदा ओळखलं ते हिरूबायने. बाजारात ही मुलगी तिच्या टोपलीपाशी आली, एक बोंबील उचलला, मधोमध मोडला आणि नाकाशी धरला. बाकी परगावची गिऱ्हाइकं लांबून नाकाला रुमाल लावून भाव विचारतात. हिरूबाय मला म्हणाली, "जी बाय बोंबील मोडून वास घेते ती परकी नाय." मीनोतीच्या गावी नदी. पूर आला की घर बुडतं आणि मासे मिळतात, असं ती सांगायची. त्यांच्याकडे सुकी मासळी अळूच्या देठाबरोबर कुटून बांबूच्या नळीत भरून ठेवतात. तिने तसं करून हिरूबायला आणून दिलं. हिरूबायने तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. एक मांगेली बोलायची, दुसरी मोडकं हिंदी. दोघींचं तासन्‌तास जमायचं.

पुढची गोष्ट सांगताना मला माझ्याच चुका सांगाव्या लागणार आहेत. त्या झाकून ठेवल्या तर हे लिहिण्यात काही अर्थ नाही.

मीनोतीचा भाऊ दिगंत. एका संध्याकाळी कामावरून येताना नाक्यावर चार पोरांनी त्याला अडवलं. आधी "ए चायनीज" झालं, मग "तुझ्या देशात जा" झालं, मग हात उचलले. ओठ फाटला, डाव्या हाताचं बोट मोडलं. बहीण-भाऊ माझ्या ओटीवर आले. मारणाऱ्या चौघांत एक निलेश, माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. कारखान्यात ठेकेदाराकडे होता, सहा महिन्यांपूर्वी काम सुटलं होतं, आणि आपलं काम या बाहेरच्यांनी खाल्लं असं डोक्यात घेऊन बसला होता.

मी काय केलं असेल? मिटवलं. चौघांना बोलावलं, झापलं, माफी मागायला लावली, हातात हात दिले, चहा पाजला. दिगंतला म्हटलं, केस केलीस तर कोर्टात खेटे मारावे लागतील, कंपनी कामावरून काढेल. यात खोटं काही नव्हतं. पण बोलताना माझ्या डोळ्यांपुढे दिगंतचं बोट नव्हतं, माझ्या बहिणीचं तोंड होतं. तो पट्टी बांधलेला हात जोडून म्हणाला, "ठीक है, मैडम।" मीनोतीने चहाला हात लावला नाही. कप तसाच राहिला, त्यावर साय धरली.

ती साय मला टोचत राहिली. म्हणून मी दुसरी चूक केली, आणि ती चांगल्या मनाने केली. मला वाटलं, गावाला ही माणसं माहीत नाहीत म्हणून असं होतं. माहीत झाली की थांबेल. माझ्याकडे त्यांच्या नोंदीचा कागद होताच. आठ फोटो, आठ नावं, खोल्यांचे क्रमांक. मी त्या कागदाचा फोटो काढला आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, "ही आसामची माणसं आपल्या गावात कामाला आहेत. आपल्याच देशाची आहेत. चेहरे ओळखून ठेवा, त्रास देऊ नका." पुष्कळ जणांनी अंगठे दाखवले. मी खूश.

ठाण्यात पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं की नोंदवही कुणाला दाखवायची नाही. पण दाखवणं वेगळं आणि ग्रुपवर टाकणं वेगळं, असं माझ्या डोक्याने त्या वेळी ठरवलं होतं.

दोन आठवडे गेले. मार्चअखेरची दुपार, तीनच्या सुमारास. मी घरी कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत बसले होते. फोन वाजला. पलीकडच्या गावातली माझी चुलत नणंद विचारत होती, "वयनी, तुमच्या गावात पोरं पलवनारी टोली घावली का गो?" आणि तिने फोटो पाठवला. माझाच फोटो. तोच कागद, तेच आठ चेहरे, खोल्यांच्या क्रमांकासकट. वरचं माझं लिखाण काढून टाकलेलं आणि त्या जागी, "मुलं पळवणारी टोळी. चेहरे ओळखून ठेवा."

तोवर दुसरा फोन. नाक्यापलीकडच्या पाड्यातली सात वर्षांची एक मुलगी सकाळपासून दिसत नव्हती. नाक्यावर माणसं जमली होती आणि चाळीकडे निघाली होती. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी. आठही माणसं घरात.

ठाण्याला फोन लावला. साहेब म्हणाले, निम्मी माणसं पालघरला बंदोबस्ताला आहेत, गाडी काढतो, पण अर्धा तास धरा. तोवर तुम्ही सांभाळा. मी चपला घालता घालता दुसरं एकच काम केलं. आमच्या तालुक्यातल्या पोलीस पाटलांचा एक ग्रुप आहे. त्यावर बोलून टाकलं: अमुक पाड्यातली सात वर्षांची मुलगी, अंगात लाल फ्रॉक, कुणाच्या गावात पाहुणी आली आहे का, आत्ताच्या आत्ता घरोघर विचारा. आणि पळत सुटले.

चाळ कशी आहे ते सांगते. दोन्ही बाजूंना खोल्या, मध्ये एक बोळ, आणि बोळाच्या शेवटाला कारखान्याची उंच भिंत. आत जायला एकच वाट, बाहेर यायलाही तीच. मी बोळाच्या तोंडाशी पोचले तेव्हा गर्दी अजून वळणावर होती, पण आवाज येत होता. काय करायचं? ओळखपत्र दाखवायचं?

तेवढ्यात बाजारातून परतणारी टमटम तिथे थांबली आणि हिरूबाय उतरली. तिच्यामागे आमच्या आळीतल्या आणखी पाच बाया, प्रत्येकीच्या दोन-दोन टोपल्या. मी धापा टाकत दोन वाक्यांत सांगितलं.

"मीनूला मारायला?" हिरूबाय म्हणाली. "माज्या मीनूला?"

तिने वळणाकडे एकदा पाहिलं, बोळाकडे एकदा पाहिलं, आणि हातातली टोपली बोळाच्या तोंडाशी दाणकन खाली ठेवली. "बसा गो. हितंच बाजार मांडा."

इथे बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या किनाऱ्यावर मासळीची टोपली कुणी ओलांडत नाही. लहानपणी एकदा मी ओलांडली होती तर आईने थोबाडीत दिली आणि टोपलीच्या पाया पडायला लावलं. दर्याने दिलेलं अन्न, त्यावरून पाय गेला की जाळं रिकामं येतं, म्हणतात. खरं-खोटं दर्याला माहीत. पण कितीही शिकलेला पोरगा असू दे, बापाची होडी विकून मोटारसायकल घेतलेला असू दे, टोपली आली की वळसा घालून जातो.

आणि त्या बोळात वळसा घालायला जागा नव्हती. बारा टोपल्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, दोन रांगांत. मागे सहा बाया मांडी घालून, पदर खोचून.

गर्दी आली. शंभरभर तरी असतील. काठ्या होत्या, लोखंडी पाइप होते. निम्मे आमच्या गावचे, निम्मे चाळीतले नाहीतर नाक्यावरचे, कुठकुठून आलेले. सगळ्यात पुढे हरवलेल्या मुलीचा काका, रडून डोळे सुजलेला. त्याच्या शेजारी निलेश. पुढचे टोपल्यांपाशी आले आणि थांबले. मागच्यांना टोपलीचं काही माहीत नव्हतं, पण पुढचे थांबले म्हणून तेही थांबले.

"बोंबील घ्या, बोंबील," हिरूबाय म्हणाली. अगदी बाजारात म्हणते तशी.

"म्हातारे, ऊठ तिथून!" मागून कुणीतरी ओरडलं.

"कोन रे तू? सदूचा धाकटा ना? तोंडाचा रुमाल काड. तुला मी आवाजावरनं वलखते." मग तिने एकेकाला नावाने हाक मारायला सुरुवात केली. तू अमक्याचा, तू तमकीचा, तुझी आज्जी माझ्या शेजारी बसायची, तुझ्या बारशाला आलते. बाकीच्या बायाही लागल्या. ज्याचं नाव घेतलं जाई तो एकटा पडल्यासारखा दिसे आणि हातातली काठी मागे धरी.

निलेश माझ्यापाशी आला. "मावशी, बाजूला हो. कुनाची पोरगी गेलीय, तुला कायपन कळत नाय."

मी म्हटलं, "हे त्यांनी केलं असं तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांच्या फोनवर हाय. आनि फोटो कोनी टाकला? खोली नंबर कोनी दिला? तूच ना?"

तोवरच्या सगळ्या वर्षांत माझ्यावर असं कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ते बरोबर होतं. मी म्हटलं, "हो, मीच दिला. चुकले मी. म्हनून तर हितं उभी हाय. आत जायचं तर आधी मला मार."

तो हलला नाही. आणि तेवढ्यात मागून दगड आला.

तो कुणी मारला ते मला दिसलं नाही. हिरूबायच्या भुवईवर लागला. रक्ताची धार गालावरून खाली समोरच्या टोपलीत पडली. मला वाटलं आता ही कोसळणार. तिने पदराने डोळा पुसला, टोपलीत वाकून पाहिलं आणि भडकली.

"माल कोनी नासवला माजा? पुडं ये! रगात सांडलेला बोंबील आता कोन घेनार? तू घेशील? ये ना, घे!"

कुणी पुढे आलं नाही. उन्हात तिचा आवाज तेवढा घुमत होता. आणि माझ्या मुठीत फोन थरथरला. खाडीपलीकडच्या गावचे पोलीस पाटील. मोठ्या आवाजाचे गृहस्थ, एरवी ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो टाकून डोकं खातात. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक फुलाला मी हात जोडते.

"ताई, तुमची पोरगी हितं हाय! मावशीसंगती हळदीला आलीय. ही बघा, नाचतेय!"

मी व्हिडिओ लावायला सांगितला आणि फोन मुलीच्या काकापुढे धरला. बँजो वाजत होता. लाल फ्रॉक, गालांना हळद, हातात बुंदीचा लाडू. मावशीने सकाळी टेम्पोतून नेताना शेजारणीला सांगितलं होतं, आणि शेजारीण तो निरोप पोटात ठेवून कामावर निघून गेली होती. काकाने फोन दोन्ही हातांत धरला. "काका," ती म्हणाली, "तू पन ये ना."

त्याच्या हातातला पाइप खाली पडला आणि तो टोपल्यांसमोर जमिनीवरच बसला, लहान मुलासारखा रडत. मी फोन उंच धरून सगळ्यांना दाखवला. मागची माणसं आधी पांगली. पाच मिनिटांत बोळापुढे काका, निलेश आणि पडलेल्या काठ्या एवढंच उरलं. मग निलेशही गेला.

आठही माणसं जिवंत होती. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना, नुसतं तेच मनात येत होतं, जिवंत आहेत, जिवंत आहेत.

मी आत गेले. आठही जण एका खोलीत होते, दाराला आतून कपाट लावलेलं. मी दार वाजवलं, नाव सांगितलं. आतलं कपाट हललं नाही. पुन्हा सांगितलं, सब चले गए, दरवाजा खोलो. नाही. का उघडतील? त्यांच्या खोलीचा क्रमांक जगाला सांगणारी मीच होते. शेवटी हिरूबाय आली, एका हाताने भुवई दाबून.

"मीनू, दरवाजा खोल गो. बोंबील लाई मी."

कपाट सरकल्याचा आवाज आला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा हिरूबायला टाके घालायला दवाखान्यात नेत होते. आणि गावातली चार जाणती माणसं संध्याकाळच्या आत माझ्या ओटीवर आली. म्हणाली, झालं ते झालं, कुणाला काही झालं नाही, पोरांची आयुष्यं आहेत, मिटवून टाक. तू मिटवण्यात हुशार. मी चहा केला, सगळ्यांना दिला आणि म्हटलं, मागच्या वेळी मिटवलं होतं, त्याचंच हे झालं. या वेळी लिहून देणार आहे. आणि दिलं. दिगंतच्या मारहाणीपासून सगळं. ज्यांना मी डोळ्यांनी पाहिलं त्यांची सगळी नावं, निलेशचं धरून. माझा तो कागदसुद्धा लिहिला, मी टाकला म्हणून. साहेबांनी तिथे पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. नोटीस आली, खुलासा द्यावा लागला, मानधनातून काही कापलं नाही पण मान खाली घालून उभं राहावं लागलं. तेवढं माझ्या वाटणीचं होतं.

बहीण माझ्याशी बोलत नाही. निलेश पालघरला तारखांना जातो. गेल्या गणपतीत तिने शेजारच्या मुलीच्या हातून मोदक पाठवले, निरोप काही नाही. मी डबा घासून, त्यात नारळाच्या वड्या भरून परत पाठवला. सध्या डबाच बोलतो.

दुसऱ्या दिवशी चाळमालकाने त्या आठ जणांना खोल्या सोडायला सांगितल्या. घाबरला होता तोही. मी गेले तेव्हा पिशव्या बांधून झाल्या होत्या. बोईसरहून गाडी धरणार होते. मी जे बोलायचं ठरवून गेले होते ते सगळं विसरले. मीनोतीनेच विचारलं, "दीदी, वो फोटो, नंबर, आपने दिया था?"

मी म्हटलं, "हाँ।"

ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आगे से किसी का मत देना।"

एवढंच. मी नाही देणार म्हटलं. आणि त्यानंतर एकाही भाडेकरूचा कागद माझ्या कपाटाबाहेर गेला नाही.

आम्ही बोलत होतो तोच हिरूबाय दारात. डोक्याला पट्टी, एक डोळा काळानिळा सुजून बंद. तिने पिशव्या पाहिल्या, एक उचलली आणि चालू लागली. "ओ मौसी, किधर?" दिगंत मागे धावला. ती वळलीही नाही. "माजा घर काय कमी हाय? चार खोल्या रिकाम्या हायेत. उंदीर नाचतात." पिशवी तिच्याकडे, म्हणून मीनोती तिच्यामागे गेली. मीनोती गेली म्हणून बाकीचे गेले. मी भाडेकरू नोंदीचा नवा फॉर्म आणायला घरी गेले.

माझ्या निवृत्तीच्या आधी एक महिना शेवटची तालीम झाली. सकाळी भोंगा वाजला. मी ओरडत निघाले, घरात चला, दारं लावा. आळीच्या टोकाला वळले आणि सवयीने पेन काढलं, आत शून्य, बाहेर एक लिहायला. अंगणात हिरूबाय उभी होती, हात कमरेवर, आणि हुकूम सोडत होती. दिगंत बांबूवर चढला होता, ते वाकडं बोट घेऊन. बाकीचे खालून झेलत होते. मीनोती दोन-दोन टोपल्या एकदम उचलून आत पळत होती. बघता बघता मांडव रिकामा झाला. शेवटची टोपली आत गेली, तिच्यामागून हिरूबाय आत गेली, आणि मी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या घराचं दार तालमीत लागलेलं पाहिलं.

मी खिडकीपाशी गेले. म्हटलं, "हिरूबाय, फॉर्म भरायचाय. घरातली माणसं किती?"

आतून आवाज आला, "वलखत नाय का तू? लिव, नऊ."

मी लिहिलं. आत नऊ. बाहेरच्या रकान्यात शून्य घातलं आणि पुढच्या घराकडे निघाले.